उन्हाळ्यात राउटर सारखा रीस्टार्ट होतो? आधी अडॅप्टर तपासा

एप्रिल लागला की नागपुरात हा त्रास घरोघरी सुरू होतो. दुपारी वाय-फाय जातं, राउटरचे सगळे दिवे विझून पुन्हा लागतात, आणि रात्री उशिरा तोच राउटर बिनतक्रार चालतो. फक्त इंटरनेटचा दिवा लाल होत असेल तर लाइनवाल्याला बोलवा. पण सगळे दिवे एकदम विझत असतील तर पुरवठा तुटतोय, आणि पहिला संशय १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर घ्यायचा. नवा राउटर आणण्याची घाई नको.

इथे बरेच जण फसतात ते मल्टिमीटर लावताना. मोकळ्या पिनवर १२.२ व्होल्ट दिसले की अडॅप्टर चांगला, असं धरून चालतात. लोड नसताना, म्हणजे करंट ओढणारं काही जोडलेलं नसताना, मरायला टेकलेला अडॅप्टरही बारा व्होल्ट दाखवतो. सीसीटीव्हीच्या दुकानात स्क्रूवाले डीसी जॅक मिळतात. त्यातला एक मेल आणि एक फीमेल घ्या, दोन वायरींनी जोडा (प्लसला प्लस, मायनसला मायनस) आणि अडॅप्टर व राउटर यांच्या मध्ये लावा. आता राउटर चालू असताना स्क्रूंवर मोजता येतं. ११.८ ते १२.४ च्या आसपास स्थिर आकडा ठीक. मोबाइलवर व्हिडिओ लावताच आकडा १० च्या खाली डोलायला लागला तर दोषी सापडला. क्षणभराची घसरण साधा मीटर पकडत नाही, म्हणून शंका उरली तर दुसरा १२ व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा अडॅप्टर एक अख्खी दुपार लावून पाहा. पिन नीट बसते ना ते पाहा, आणि पिनच्या आतल्या भागाला प्लस आहे ना, ते लेबलवर बघून घ्या.

बिघडतो तो बहुधा आउटपुटचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा डबीसारखा पार्ट. त्यातला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो आणि आतला रोध, म्हणजे ईएसआर, वाढत जातो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ७५ अंशांवर १६,००० तास टिकतो, म्हणजे दोन वर्षांना थोडे कमी. ८५ अंशांचा तेवढ्याच तासांचा स्वस्त कपॅसिटर त्याच ७५ अंशांवर ४,००० तासांत, साडेपाच महिन्यांत, आटोपतो. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर असताना टीव्ही युनिटमागे कोंडलेल्या अडॅप्टरच्या पोटात ७५ अंश ही काही मोठी गोष्ट नाही.

प्लग काढा आणि मगच उघडायला घ्या. लेबलखाली स्क्रू आहे का, ते आधी चाचपा. नसेल तर खोकं जोडावर वितळवून चिकटवलेलं असतं. हॅकसॉचं पातं जोडाच्या रेषेवरून हलक्या हाताने फिरवा, दीड-दोन मिलिमीटरपेक्षा खोल नाही. पेचकस घुसवून उचकटलं की बोर्डाची तांब्याची पट्टी तुटते.

आतला सर्वांत उंच, ४०० व्होल्ट लिहिलेला कपॅसिटर धोक्याचा. २३० व्होल्टच्या मेन्सवर (घरातल्या विजेवर) तो सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरतो, आणि मेलेल्या अडॅप्टरमध्ये तो चार्ज काढून घेणारं कोणी नसल्याने बराच वेळ तसाच राहतो. २.२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर पक्कडीत धरून त्याच्या दोन्ही पायांवर काही सेकंद टेकवा, मग मीटरने शून्य झालंय ना बघा. पेचकसाने शॉर्ट करणारे दिसतील; त्यांच्याकडून ती सवय घेऊ नका.

आउटपुटच्या वायरींजवळचा ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर आपला. डोकं फुगलेलं असेल तर प्रश्नच मिटला, पण सपाट डोक्याचाही सुकलेला निघतो. काढून कंपोनंट टेस्टरवर, म्हणजे सुटे पार्ट मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर, लावा: चांगल्या १००० मायक्रोफॅरडचा ईएसआर साधारण ०.१ ओहमच्या आत असतो, मेलेला एक ओहमच्या पुढे जातो. लाइट जाऊन आल्यावर अडॅप्टर सुरूच होत नाही, एरवी मात्र छान चालतो, अशी तक्रार असेल तर मेन्सच्या बाजूचा, कंट्रोल आयसीजवळचा (अडॅप्टर चालवणाऱ्या चिपजवळचा) छोटा कपॅसिटर बदला, ४.७ ते २२ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट असा काहीतरी असतो. खोललंच आहे तर दोन्ही बदलावेत. जुना पिवळट गोंद तपकिरी पडला असेल तर खरवडून टाका, तो वीज वाहू लागतो.

नागपुरात सीताबर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत पार्टच्या दुकानात ‘हजार-पंचवीस, एकशे पाच डिग्री, लो ईएसआर’ असं मागा, म्हणजे १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा. १६ च्या जागी २५ व्होल्टचा चालतो, उलट नाही. फक्त जाडी मोजून न्या. १० मिलिमीटर व्यासाच्या कपॅसिटरच्या पायांत ५ मिलिमीटरचं अंतर असतं, ८ च्या पायांत साडेतीन. उंच निघाला तर खोकं बंद होत नाही.

काढण्याआधी फोटो घ्या. कपॅसिटरवरची पट्टी मायनसची, पण बोर्डावर काही जण मायनस रंगवतात तर काही प्लस. हे बोर्ड तपकिरी, एकाच बाजूला तांबं असलेले. तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त सोल्डरिंग आयर्न टेकवलं की तांब्याची पट्टी उचलते. जुन्या जोडावर आधी थोडं नवं ६०/४० (कथील-शिशाचं) सोल्डर वितळवा, मग सोल्डर ओढायच्या पंपाने ओढा.

पहिल्यांदा प्लग लावताना मेन्सच्या एका वायरीत ६० वॅटचा जुना फिलामेंटवाला पिवळा बल्ब सिरीजमध्ये असू द्या, आणि बोर्डाला हात लावू नका. बल्ब क्षणभर चमकून विझला तर बरं. उजेड तसाच राहिला तर शॉर्ट आहे, प्लग काढा. मग सिरीज बल्ब बाजूला करा आणि १ अँपिअरच्या अडॅप्टरवर १५ ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर अर्धा तास लावा. तो चटका देण्याइतका तापतो, फरशीवरच ठेवा. गाडीचा बल्ब लोड म्हणून नको: थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढतं आणि चांगला अडॅप्टरही घाबरून बंद-चालू होतो. अर्ध्या तासाने साडेअकराच्या वर व्होल्ट असले तर खोकं फेविक्विकने बंद करून दोन केबल टाय आवळा. चिकटपट्टीवर भागवू नका. प्लास्टिक फुटून आतलं दिसत असेल तर तो अडॅप्टर टाकाच.

नवा कपॅसिटर घातलेला अडॅप्टर पुन्हा त्याच कोंडीत ठेवला तर पुढच्या नवतप्यात (मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) तीच कथा. मोकळ्या भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, राउटरवर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका, आणि कूलरच्या बोर्डावर तर मुळीच नको: मोटर बंद करताना लाइनमध्ये झटका येतो, शिवाय कूलरची ओलसर हवा पिन गंजवते.