पाण्याआधी हवेचं बघा

दसऱ्यानंतर मांडव्याला बोट पाण्यात उतरवायची आहे आणि यंदा टाक्या भरायचं काम तुम्हा दोघांकडे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापुरातली आपण माणसं, आपल्याला टाकी भरायला कोण शिकवणार, असं मलाही वाटायचं.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसण्याआधी पाईप तपासा. घरचा बागेचा हिरवा पाईप नको, त्याचा रबरी वास आठ दिवस चहाला येतो. पिण्याच्या पाण्याचा वेगळा ठेवलाय तो घ्या, आणि दोन्ही टोकं एकमेकांत खुपसून न्या, म्हणजे आत झुरळ शिरत नाही.

बोटीवर गेल्यावर पाण्याला हात लावायच्या आधी हवेची नळी बघा. गच्चीवर टाकीच्या पाईपाला वर उघडा सोडलेला हवेचा पाईप असतो ना, प्लंबर ‘एअर धरलीय’ म्हणत पहिल्यांदा बघतो तो, त्याचाच हा धाकटा भाऊ. फरक एवढाच की गच्चीवरच्या टाकीचं झाकण सैल असतं. बोटीची टाकी बाकाखाली, चारी बाजूंनी बंद. वर डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या फळीवर, टाकी भरायचं तोंड असतं, तिथून जाड पाईपाने पाणी येतं आणि आतली हवा बोटाएवढ्या नळीतून बाहेर पडते. आपल्या नळीचं तोंड बेसिनखाली उंचावर आहे, जाळी लावलेलं. बाहेर काढलं असतं तर बोट कलल्यावर समुद्र आत आला असता.

मागच्या वर्षी तिथे कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. मी पाईप डेकवरच्या तोंडात घट्ट कोंबून नळ सोडला. खाली बाकाची फळी करकरली, टाकी पोट फुगवून वर आली होती. पाईप ओढला तर पाणी सरळ तोंडावर! टाकी फुटली नाही हे नशीब. म्हणून टाकी रिकामी असतानाच एकाने नळीत फुंकायचं, दुसऱ्याने डेकवरच्या तोंडावर तळहात धरायचा. वारा लागला पाहिजे. नळी बंद राहिली तर पुढे पंप पाणी ओढतानाही टाकी आत चेपते.

मग टाकी धुणं. सुगंध न घातलेलं साधं ब्लीच, 5 टक्क्यांचं असेल तर 150 लिटर पाण्याला 150 मिली. चार तास ठेवा, सगळं सोडून द्या, वास जाईपर्यंत खळबळा.

भरताना झाकणावरची अक्षरं वाचा, डिझेलचं झाकण शेजारीच आहे आणि दिसायला तस्संच. जेटीचं पाणी आधी बादलीत सोडा, वास घ्या. पाईप कोंबू नका, बाजूने हाताचं बोट जाईल एवढी फट ठेवा. दोन टाक्यांमधला कॉक बंद करून आलटून पालटून भरा. एक भरली आणि दुसरी रिकामी म्हणजे एका अंगाला दीडशे किलो. एकाने कान नळीपाशी ठेवावा. आधी नुसता फुसफुस आवाज येतो, तो गुडगुड झाला की लगेच नळ बंद. कॉक समुद्रावरही बंदच राहू द्या, नाहीतर बोट कलली की वरच्या टाकीचं पाणी खालच्या टाकीत उतरतं आणि तिच्या नळीतून बेसिनखाली सांडतं.

शेवटी पंप चालू करून एकेक तोटी थुंकायची थांबेपर्यंत उघडी ठेवा.

आणि शेंगाचटणी, कडक भाकरी नेणारच असाल, तर तिच्या तहानेचा वेगळा हिशेब धरा. वीस लिटरचा एक कॅन टाकीला न जोडता बाजूला बांधून ठेवा.