व्यसनमुक्तीचा गट चालवायला शिकताना

व्यसनी व्यक्तींचे गट-समुपदेशन शिकू इच्छिणाऱ्याने सुरुवातीचे काही आठवडे अनुभवी समुपदेशकाशेजारी केवळ सहायक म्हणून बसावे, आणि प्रत्येक सत्रानंतर कोण कोणाशी बोलले व कोण गप्प राहिले याची नोंद त्यांच्यासमोर ठेवावी. नवख्याच्या गटात बहुधा प्रत्येक वाक्य समुपदेशकाकडे जाते आणि उत्तरही त्याच्याकडूनच येते. हे गट-समुपदेशन नव्हे; पाळीपाळीने उरकलेले वैयक्तिक समुपदेशन आहे. शक्य असल्यास दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सर्वांसाठी खुली असलेली एखादी बैठक पाहावी. 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू झालेल्या या चळवळीच्या बैठका व्यावसायिक समुपदेशकाविना चालतात, आणि आपण किती कमी बोललो तरी चालते हे तिथे उमगते.

गटात आठ-दहा जण पुरेत. दारू एकाएकी सोडल्यावर पहिल्या काही दिवसांत झटके किंवा भ्रम होण्याचा धोका असतो, म्हणून हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार पडल्यावरच त्या व्यक्तीला गटात घ्यावे. इथले बोलणे बाहेर जाणार नाही, मात्र कोणाच्या जिवाला धोका दिसल्यास सांगावे लागेल, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करावे.

खरी कसोटी लागते ती "मी फक्त शनिवारीच घेतो, घरखर्चाला कधी कमी पडू दिले नाही" असे कोणी ठामपणे म्हणते तेव्हा. वाद घातल्यास तो आपलीच बाजू अधिक घट्ट धरतो. त्याऐवजी मागच्या शनिवारी संध्याकाळपासून रविवारी दुपारपर्यंत काय काय घडले ते क्रमाने सांगायला सांगावे, आणि मग "असे आणखी कोणाकडे झाले आहे का?" एवढेच विचारून थांबावे. हीच सबब वर्षानुवर्षे सांगितलेला कोणीतरी समोर बसलेला असतोच, आणि त्याचे बोलणे आपल्या सल्ल्यापेक्षा खोल पोहोचते. मधली शांतता मात्र भरून काढू नये. मला स्वतःला ते शिकायला सर्वाधिक वेळ लागला.

पिण्याचे किस्से रंगू लागले की तलफ जागी होते, म्हणून "दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले?" असे विचारून बोलणे परिणामांकडे वळवावे. पुन्हा प्यायलेला सदस्य परतल्यास त्याला जाब विचारू नये. पहिल्या घोटाआधीचे दोन-तीन दिवस सर्वांनी मिळून उलगडावेत. नशेत आलेल्याला मात्र सत्रात बसू न देता सहायकाने शांतपणे बाजूला न्यावे, प्रकृती पाहावी, सुरक्षित घरी पोहोचवण्याची सोय करावी आणि पुढच्या सत्राला शुद्धीत येण्याचे निमंत्रण त्याच वेळी द्यावे.