बेदाण्याच्या सौद्याचा हिशेब: क्लास आणि मोबएक्सने स्क्रीनवरचे आकडे कसे जुळते ठेवावेत

सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याचा सौदा चालू आहे आणि तुमच्या अ‍ॅपवर एका लॉटचा दर बदलला. आता लॉटची रक्कम, शेतकऱ्याच्या पट्टीतले (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीतले) निव्वळ पैसे आणि दिवसाची एकूण उलाढाल असे तीन आकडे हलायला हवेत. हे तिन्ही वेगवेगळे साठवले तर कधी ना कधी एखादा मागे राहतो आणि संध्याकाळी पट्टी जुळत नाही. म्हणून साठवायचं तेवढंच, जे दुसऱ्या कशातून काढता येत नाही. इथे ते दोनच आकडे आहेत: बॉक्स किती आणि दर किती.

उदाहरण रिअ‍ॅक्ट (स्क्रीन रंगवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) आणि मोबएक्स ६ (आकडे बदलले की त्यांवर अवलंबून असलेलं सगळं आपोआप बदलणारी लायब्ररी) यांचं घेतलं आहे. एनपीएमने 'मोबएक्स' आणि 'मोबएक्स-रिअ‍ॅक्ट-लाइट' ही दोन पॅकेजं बसवा. वेगळं सेटिंग लागत नाही.

१. एका लॉटचा एक क्लास

'लॉट' क्लासमध्ये दोन फील्ड ठेवा, 'बॉक्स' आणि 'दर'. (जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. टीममध्ये वाद नको असेल तर रोमन ठेवा.) कन्स्ट्रक्टरमध्ये आधी दोन्ही फील्डच्या किमती (व्हॅल्यू) भरा, मग 'मेकऑटोऑब्झर्व्हेबल' हे मोबएक्सला फील्डवर लक्ष ठेवायला सांगणारं फंक्शन बोलावून त्याला 'धिस', म्हणजे तो लॉट स्वतः, द्या. क्रम उलटा करू नका: त्या ओळीच्या वेळी जे फील्ड अस्तित्वातच नाही, त्यावर लक्ष ठेवलं जात नाही. हॅश लावलेली खासगी फील्डही या लक्षातून सुटतात.

त्याच ओळीत तिसरा अर्ग्युमेंट म्हणून 'ऑटोबाइंड' ट्रू द्या. नाहीतर मेथड थेट बटणाच्या ऑनक्लिकला दिली, की 'धिस' अनडिफाइन्ड होतो आणि पहिल्याच क्लिकला एरर येतो.

२. बाकीचं सगळं गेटरमध्ये

सगळा खेळ इथेच आहे. चार गेटर लिहा, म्हणजे वाचताना फील्डसारखे दिसणारे पण दर वेळी हिशेब करून उत्तर देणारे भाग. वजन म्हणजे बॉक्स गुणिले १५ किलो. खर्च म्हणजे बॉक्स गुणिले हमाली-तोलाई. समजा बॉक्समागे ६ रुपये. रक्कम म्हणजे वजन गुणिले दर. निव्वळ म्हणजे रक्कम वजा खर्च.

४० बॉक्स, दर १८० रुपये किलो. वजन ६०० किलो, रक्कम १,०८,०००, खर्च २४०, निव्वळ १,०७,७६०. आता दर १८२ करा. रक्कम १,०९,२०० आणि निव्वळ १,०८,९६० होतात. वजन आणि खर्च यांना मोबएक्स हातही लावत नाही, कारण मागच्या वेळी ते काढताना 'दर' वाचलाच गेला नव्हता. कोणी काय वाचलं याची नोंद तो हिशेब चालू असतानाच करतो. अवलंबनांची यादी तुम्हाला द्यावी लागत नाही.

एक बारकावा: काढलेली किंमत जपून ठेवली जाते ती कोणी तरी तिच्याकडे बघत असेल तोवरच. कन्सोलमधून दहा वेळा 'निव्वळ' विचारला आणि स्क्रीनवर तो कुठेच नसेल, तर दहा वेळा हिशेब होतो. तो बिघाड नव्हे.

३. बदल मेथडमधूनच

'दर बदला' आणि 'बॉक्स बदला' अशा मेथड लिहा. त्या आपोआप अ‍ॅक्शन होतात, म्हणजे आतले सगळे बदल पूर्ण झाल्यावरच बाकीच्यांना कळतात. इनपुटमधून येणारी किंमत आकडा नसून मजकूर (स्ट्रिंग) असते, तिचा आकडा इथेच करा. हे विसरलात तर गुणाकार निमूट चालतो, बेरीज मात्र फसते: ० मध्ये ४० आणि २४ मिळवून एकूण बॉक्स '०४०२४' दिसतात. आणि आपल्याकडचा खास घोळ म्हणजे मराठी कीबोर्ड. टेक्स्ट इनपुटमध्ये कोणी देवनागरी अंकांत १८२ टाकला, तर जावास्क्रिप्टचं 'नंबर' त्याचं 'नॅन' (आकडा नव्हे) करतं. आधी अंक बदलून घ्या.

सर्व्हरकडून लॉट आणताना 'अवेट'च्या पुढचा भाग अ‍ॅक्शनच्या बाहेर पडतो. तिथे केलेले बदल 'रनइनअ‍ॅक्शन'मध्ये गुंडाळा, किंवा मेथड जनरेटर (मध्ये थांबून पुन्हा पुढे चालणारं फंक्शन) म्हणून लिहा. नाहीतर कन्सोलवर इशारा येतो, आणि यादी भरली पण 'लोडिंग' अजून ट्रू अशी अर्धवट स्थिती मध्येच कोणाच्या तरी नजरेस पडते.

४. स्क्रीन जोडणे

लॉट दाखवणारा प्रत्येक कंपोनंट (स्क्रीनचा तुकडा) 'मोबएक्स-रिअ‍ॅक्ट-लाइट'च्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये गुंडाळा, म्हणजे वाचलेला आकडा बदलला की तो पुन्हा रंगतो. ओळीच्या कंपोनंटला अख्खा लॉट द्या, लॉटची रक्कम नको. पालकाने रक्कम वाचून खाली पाठवली, की वाचणारा पालक ठरतो आणि एका दरासाठी पालकाचा अख्खा तक्ता पुन्हा रंगतो. तयार टेबल लायब्ररीला ओळ रंगवणारं फंक्शन देता तेव्हा ते तुमच्या ऑब्झर्व्हरच्या बाहेर चालतं; म्हणून त्या फंक्शनमधून ऑब्झर्व्हर केलेला छोटा कंपोनंटच परत करा. 'आकडा बदलतोय पण स्क्रीन हलत नाही' ही तक्रार आली, की आधी हेच तपासा.

५. लोकलस्टोरेजमध्ये जपणे

लॉट ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये लिहायला मोबएक्सचं 'रिअ‍ॅक्शन' वापरा. त्याला दोन फंक्शन लागतात, पहिलं काय बघायचं ते सांगणारं आणि दुसरं बदल झाल्यावर लिहिणारं; लक्ष ठेवलं जातं ते फक्त पहिल्यावर. पहिल्यात नुसती लॉटची यादी परत केली, तर आतला दर बदलल्याचं त्याला कळत नाही. प्रत्येक लॉटचे बॉक्स आणि दर तिथे वाचून साध्या ऑब्जेक्टची यादी परत करा. 'यूजइफेक्ट'मध्ये लावलात तर रिअ‍ॅक्शनने दिलेलं बंद करण्याचं फंक्शन क्लीनअपला द्या.

लोकलस्टोरेजमधून परत वाचताना जेसनमधून (साठवलेल्या मजकुरातून) साधे ऑब्जेक्ट येतात, लॉट नव्हे. त्यांना गेटर नसतात, म्हणून रक्कम अनडिफाइन्ड आणि एकूण 'नॅन'. प्रत्येकासाठी नवा लॉट तयार करा.

हळदीसाठी दर क्विंटलचा म्हणून 'लॉट'वरून वारसा घेणारा क्लास काढायचा मोह होतो. 'मेकऑटोऑब्झर्व्हेबल' अशा क्लासवर चालत नाही, एरर देतं. वारसा हवाच असेल तर 'मेकऑब्झर्व्हेबल' वापरून प्रत्येक फील्डचं काम हाताने लिहा. दोन पिकांसाठी वेगळे दोन क्लास सोपे पडतात.

६. तपासणी

रिअ‍ॅक्टशिवाय टेस्ट लिहा. ४० बॉक्स, १८० दर: निव्वळ १,०७,७६०. दर १८२: १,०८,९६०. मग एक बॉक्स खराब निघाला म्हणून ३९ करा: वजन ५८५, रक्कम १,०६,४७०, खर्च २३४, निव्वळ १,०६,२३६.