राफ्टिंगच्या नदीवर देखरेख ठेवताना या चुका टाळा

रायगड जिल्ह्यात कोलाडच्या कुंडलिका नदीत भर उन्हाळ्यात राफ्टिंग, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून वेगवान प्रवाहात उतरणं, चालतं, ते पावसाच्या जोरावर नाही. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात येतं आणि वीज झाल्यावर नदीत सुटतं. पाणी सुटलं की नदी चढते, थांबलं की उतरते. ही रोजची चढउतार लक्षात न घेता ग्रामपंचायतीने देखरेख समिती नेमली, की पुढच्या बहुतेक चुका आपोआप होतात.

परवाना बघितला, काम झालं

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आणि राफ्टिंगसारखे उपक्रम चालवणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. पण कागद दप्तरात राहतो, माणसं पाण्यात उतरतात. नोंदणी रद्द करणं ग्रामपंचायतीच्या हातात नसलं, तरी सकाळी काठावर उभं राहून बघणं नक्कीच आहे. पर्यटकाच्या लाइफ जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे किंवा मापाचं नाही, आणि पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघू शकतं. गाइडची फेकायची दोरी पिशवीत नीट भरलेली आहे का, सोबत दुसरी राफ्ट किंवा बचावाची कयाक (छोटी वल्ह्याची होडी) आहे का, तेही बघा. चूक दिसली तर तोंडी सांगून सोडू नका. तारीख, वेळ आणि फोटो जोडून तहसीलदार आणि पर्यटन संचालनालयाला लेखी कळवा.

पाण्याची वेळ फक्त राफ्टवाल्यांना ठाऊक

धुणं धुणाऱ्या बायका, गुरं धुणारी पोरं, मासे धरणारे कातकरी यांना पाणी सुटायची वेळ आधी कळली पाहिजे. वेळ बदलते, म्हणून गेल्या आठवड्याच्या अंदाजावर जाऊ नका. पाणी सोडणाऱ्या यंत्रणेला पत्र द्या आणि रोजची वेळ घाटावरच्या फळ्यावर लिहायचं काम एका माणसाकडे ठरवून द्या.

काठ खचला की पुराला दोष

ही चूक सगळ्यात महाग पडते. नदी चढलेली असताना काठाची माती पाणी पिऊन जड होते. पातळी झपाट्याने उतरली की बाहेरून पाण्याचा आधार जातो, आतलं पाणी मात्र तितक्या लवकर निचरत नाही, आणि ढेकळंच्या ढेकळं खाली बसतात. पूर वर्षातून काही दिवस येतो, हे मात्र सोडलेलं पाणी थांबलं की घडतं. त्यात प्रत्येक चालक आपापली उतरण पाडतो, राफ्ट ओढत नेतो, गवत घासून जातं. पावसाळ्यात तिथेच पहिली घळ पडते.

उतरायची आणि चढायची जागा ग्रामसभेत ठरवा, दगडी पायऱ्या बांधा, बाकीच्या वाटा कुंपणाने बंद करा. सरसकट काँक्रीटची भिंत मागू नका: भिंत संपते तिथे प्रवाह वळतो आणि शेजारच्याचं शेत कापतो. उघड्या काठावर वाळा लावा, त्याची मुळं सरळ खोल जातात. वरच्या बाजूला करंज, उंबर, वाळुंज. आहेत ती झाडं कॅम्पच्या 'व्ह्यू'साठी तोडू देऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

समितीत फक्त धंदेवाले

जागा भाड्याने देणारा आणि राफ्ट चालवणारा, एवढेच दोघे समितीत असतील तर तक्रार नोंदवणार कोण? मासेमारी करणारे, काठचे शेतकरी, महिला बचत गट यांना घ्या. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायलाच हवी. काठची झाडं, माशांच्या विणीच्या जागा लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडाप्राण्यांची अधिकृत नोंद) लिहून घ्या, म्हणजे पुढे वाद झाला तर हातात पुरावा राहतो.

नियम पुढच्या हंगामात बघू

उत्तराखंडात जून २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने धोरण ठरेपर्यंत राफ्टिंगच थांबवलं आणि गंगेकाठच्या गाइडांची कमाई बंद पडली. कुंडलिकेकाठच्या पोरांवर ती वेळ यायला नको. कॅम्पचे शोषखड्डे पात्रापासून किती लांब असावेत, कचरा कोणी न्यायचा, शुल्क कोणत्या पावतीने घ्यायचं, हे ठराव येत्या ग्रामसभेतच मांडा. रोख पैसे पावतीशिवाय घेतले, तर समितीवरचा विश्वास पहिल्याच महिन्यात जातो.