साखर आणि रोजा: आधी गोळ्यांच्या वेळा ठरवा

मुंब्र्यात कौशाला आमचं औषधांचं दुकान आहे. रमजानच्या आधीचा शाबान महिना लागला की काउंटरवर मधुमेही गिऱ्हाइकांचा हमखास प्रश्न येतो, "बाजी, सकाळची गोळी आता सहरीला घेऊ ना?" उत्तर बहुतेकदा 'नाही' असतं. सहरी म्हणजे पहाटेचं खाणं, त्यानंतर जवळपास 13 तास पोटात काही जाणार नसतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोट रिकामं असलं तरी साखर खाली आणते. म्हणून दिवसातून एकदाच असेल तर डॉक्टर ती सहसा इफ्तारला, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडताना देतात. दोनदा असेल तर सकाळचा डोस इफ्तारला नेतात आणि सहरीचा कमी करतात. एकट्या मेटफॉर्मिनने साखर क्वचितच फार उतरते, तिच्या वेळाच तेवढ्या बदलतात. इन्सुलिनचे युनिट मात्र शेजारणीचं ऐकून कमी-जास्त करू नका. रमजानच्या सहा-आठ आठवडे आधीच डॉक्टरांकडे जा.

टाइप 1 मधुमेह असेल, बाई गरोदर असेल, किडनी बरीच अधू असेल किंवा गेल्या तीन महिन्यांत साखर फार उतरून दुसऱ्याने सावरावं लागलं असेल, तर रोजा धरू नका. कुरआनातल्या सूरह बकराच्या 184व्या आयतीत आजाऱ्याला सूट दिलेली आहे. ती घेताना कुणाला अपराधी वाटलं की मला फार वाईट वाटतं.

बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, बहुतेक उलेमाही, म्हणजे धर्माचे जाणकारही, हेच सांगतात. सहरीआधी, दुपारी, असरच्या म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजाच्या सुमारास आणि इफ्तारनंतर दोन तासांनी तपासा. साखर 70च्या खाली किंवा 300च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडा.

सगळ्यात जपायचं ते असरनंतर. "आता मगरिबला (सूर्यास्ताच्या नमाजाला) तासच उरला" म्हणत माणसं घाम, थरथर, धडधड अंगावर काढतात. तसं करू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, 15 मिनिटांनी परत तपासा. घरातल्यांनाही हे आकडे आधीच सांगून ठेवा. साखर उतरली की माणूस हट्टाला पेटतो, त्याला स्वतःला कळत नाही. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, 108ला फोन करा.

सहरी चुकवू नका, ती शेवटच्या वेळेला करा. इफ्तारला एक-दोन खजूर आणि पाणी. सरबत नको, भजी-मालपुवा चवीपुरताच. तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची लांब नमाज, व्यायामच असते, पाण्याची बाटली सोबत न्या.

ईद झाली की गोळ्यांच्या जुन्या वेळा डॉक्टरांना विचारून परत लावून घ्या. रमजानची चिठ्ठी पुढे तशीच चालवू नका.