साइन इन्व्हर्सचं कोडं कसं सुटलं

साइन इन्व्हर्स म्हणजे साइनच्या किमतीवरून उलटं कोनाकडं येणं. लातूरच्या क्लासात बारावीला साइन १५०° चा साइन इन्व्हर्स १५०° न येता ३०° आला की आम्ही एकमेकांकडं बघायचो. सूत्रं घोकून ते कळंना. मग आलेख कागदावर साइनची लाट काढली नि ०.५ वर आडवी रेघ मारली. रेघ लाटेला पुन्हापुन्हा कापत जाते. उलटं येताना कोन कोणता धरायचा? म्हणून −९०° ते ९०° एवढाच तुकडा ठेवला, बाकीचा खोडला. कॉसला हा तुकडा चालत नाही, ६०° आणि −६०° ची किंमत एकच येते. तिथं ०° ते १८०°. टॅनला साइनचाच, टोकं सोडून. आता १५०° ची किंमत काढून तिन्हींत उलटं या: साइननं ३०°, कॉसनं १५०°, टॅननं −३०°. आणि इन्व्हर्स लिहिताना sin⁻¹ असा डोक्यावर येणारा −१ घात नव्हे. त्याला कोसेक, म्हणजे १ भागिले साइन, समजणारे दरवर्षी निघतातच!