बेसबॉल मॅनेजरची कारकीर्द कशी वाचावी

बेसबॉलचा मॅनेजर (सामन्यातले निर्णय घेणारा संघाचा प्रशिक्षक) समजून घ्यायचा असेल तर विजेतेपदांची यादी शेवटी बघा. आधी त्याची हरलेली वर्षं काढा. माझ्या वहीत प्रत्येक मॅनेजरचं एक पान आहे. त्याच्या वरच्या अर्ध्यात मी एवढंच लिहिते: कुठला संघ, किती वर्षं, पुढे काय झालं.

सगळ्यात जास्त वेळा उघडलेलं पान जो टॉरी यांचं. जन्म १९४०, ब्रुकलिन. १९७१ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सकडून खेळताना नॅशनल लीगचे (अमेरिकेतल्या मुख्य स्पर्धेच्या दोन लीगपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू. मॅनेजर म्हणून मात्र मेट्स, ब्रेव्ह्ज आणि कार्डिनल्स या तिन्ही संघांनी त्यांना नारळ दिला. न्यूयॉर्क यांकीजने १९९६ च्या हंगामासाठी नेमलं तेव्हा खात्यात ८९४ विजय, १,००३ पराभव. पुढच्या पाच हंगामांत त्यांनी चार वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिका, जिंकल्या! संघ तगडा मिळाला, हे खरंच, आणि तेही वहीत लिहायचं. पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही.

म्हणून पानाच्या खालच्या अर्ध्यात एकच सामना घ्या आणि स्कोअरकार्डावर बाकावरचे (राखीव) खेळाडू एकेक करून खोडत चला. बेसबॉलमध्ये बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. मॅनेजरची खरी पुंजी म्हणजे हा बाक.

१९९६ च्या वर्ल्ड सिरीजचा अटलांटातला चौथा सामना घ्या. यांकीज ब्रेव्ह्जविरुद्ध ०-६ ने मागे. सहाव्या इनिंगमध्ये टॉरींनी कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) जिरार्डीच्या जागी फलंदाज पाठवला, म्हणून पुढे कॅचर म्हणून जिम लेरिट्झ आत आला. आठव्या इनिंगमध्ये त्याच लेरिट्झच्या होमरनने (चेंडू थेट मैदानाबाहेर) तीन धावा आल्या; सहाव्या इनिंगमधल्या तीन धरून ६-६. दहाव्या इनिंगमध्ये दोन बाद, दोन धावपटू बेसवर. ब्रेव्ह्जचे मॅनेजर बॉबी कॉक्स यांनी यांकीजच्या बर्नी विल्यम्सला मुद्दाम वॉक (चार ‘बॉल’, म्हणजे वाईट चेंडू, टाकले की फलंदाजाला मिळणारा फुकट बेस) देऊन तिन्ही बेस भरले. इथे पेन्सिल थांबवा आणि बाक मोजा. टॉरींकडे एकच फलंदाज उरला होता, वेड बॉग्ज. नजर इतकी पक्की की वाईट चेंडूला बॅट लावणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तीन बॉल, दोन स्ट्राइक, मग चौथा बॉल. वॉक मिळाला, आघाडीची धाव चालत घरी आली. पुढे आणखी एक धाव, सामना ८-६.

बॉग्जला आधी वापरायचा मोह किती वेळा झाला असेल, ते शोधायला मागच्या प्रत्येक इनिंगपाशी जा. या कामाला तास-दीड तास लागतो. घाई करू नका.

मग पाचवा सामना घ्या. १-० ची आघाडी, नववी इनिंग, आणि टॉरींनी पिंच हिटर (बाकावरचा बदली फलंदाज) न पाठवता पिचर (चेंडू टाकणारा) अँडी पेटिटलाच फलंदाजीला जाऊ दिलं. इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात, ब्रेव्ह्जच्या फलंदाजीत, पेटिटने एक गडी बाद होईपर्यंत टाकलं, मग दुसरा पिचर वेटलँड आला. आदल्या रात्री बाक पूर्ण रिकामा करणारा माणूस आज हात का आखडतो, याचं उत्तर तुमच्या वहीत तुमच्या शब्दांत लिहा.